कोऱ्या पानाचं वजन

अर्जबाईंच्या खोलीत जायला एकच जिना आहे, आणि तो इतका अरुंद आहे की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उलट पावली फिरावं लागतं. म्हणून त्या इमारतीत एक रीत पडलीय. वर जाणाऱ्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवताना मोठ्याने “चढतोय” म्हणायचं, खाली येणाऱ्याने वरून “उतरतोय” म्हणायचं. आवाज आला की दुसऱ्याने थांबायचं. पोस्टमन ओरडतो, पाणीवाला ओरडतो, बाईंच्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचे पेशंट सुजलेल्या गालांनीसुद्धा ओरडतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गुपचूप चढलो आणि मधल्या वळणावर एका आजोबांच्या पोटात डोकं खुपसलं. “तोंडाला कुलूप घातलंय का?” ते म्हणाले. तेव्हापासून मी ओरडतो.

अर्जबाई हे नाव त्यांना कुणी दिलं, ते आता कुणालाच सांगता येत नाही. समोरच्या सरकारी कचेरीत जाणारा माणूस आधी त्यांच्याकडे येतो. नळजोडणी, बदली, हरवलेला दाखला, जन्मतारखेतली चूक, शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध तक्रार. लोक खुर्चीत बसून तावातावाने बोलतात आणि बाई त्यांच्याकडे न बघता टाइप करत राहतात. एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ म्हणाले, “लिहा, तो अधिकारी गाढव आहे आणि सहा महिने झोपा काढतोय.” बाईंची बोटं थांबली नाहीत. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर होतं, ‘सदर बाब आपल्या नजरेतून सुटली असावी.’ गृहस्थांनी दोनदा वाचलं.

“गाढव कुठंय यात?”

“आहे त्यातच,” बाई म्हणाल्या. “ज्याला कळायचं त्याला बरोबर कळेल.”

वय पन्नास. उंची बेताची, म्हणून खुर्चीवर दोन उशा. चष्मा दोरीने गळ्यात. टेबलावर एक जुना पांढरट कीबोर्ड, त्यावरची निम्मी अक्षरं बोटांनी घासून पुसून गेलेली. माउसवर त्यांनी विणलेला रुमाल झाकून ठेवलेला असतो. “हात उचलून तिकडे न्यायचा आणि परत आणायचा, तेवढ्यात माझी दोन वाक्यं होतात,” असं त्यांचं म्हणणं. मॉनिटर खाली वाकून बघायला लागू नये म्हणून तो कागदाच्या एका रीमवर ठेवलेला होता. रीम बंद, वेष्टण न फोडलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. पहिल्याच भेटीत मी प्रिंटर तपासायला कागद शोधत होतो आणि माझा हात त्या रीमकडे गेला.

“त्याला हात लावू नकोस,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी मी हात मागे घेतला.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्या रस्त्यावरची बारा-तेरा मशीन्स माझ्याकडे आहेत. माणसाचं मशीन उघडलं की माणूस थोडा उघडतो, हे या कामात लवकर कळतं. एका दुपारी खाली झेरॉक्सवाल्या काकांकडे आम्ही सगळे चहा पीत होतो आणि विषय निघाला, की प्रत्येकाचं एखादं सॉफ्टवेअर जिवाभावाचं असतं.

“माझं ते फोटोवालं,” काका म्हणाले. “एका कागदावर आठ चेहरे बसवतं. आणि वाकडी नाकं सरळ करून देतं, जे देवाला जमलं नाही.”

कचेरीतले कारकून म्हणाले, “आमचं पत्त्यांचं. अख्खी कचेरी त्यावर चालते.”

मी म्हणालो, “नोटपॅड.” सगळे हसले. पण मी खरंच सांगत होतो. ना रंग, ना सजावट. फाइलमध्ये जे असेल ते समोर आणून ठेवतं, काही लपवत नाही.

“आणि बाईंचं ते लिहायचं,” काका म्हणाले. “वीस वर्षांची जुनी आवृत्ती. जगात दुसऱ्या कुणाकडे नसेल. बाईंचं आणि त्या मशीनचं लग्नच लागलंय.”

“लग्न नाही,” बाई कपाकडे बघत म्हणाल्या. “बहिणीचं नातं आहे.”

आम्ही पुन्हा हसलो. बाई हसल्या नाहीत. नंतर काकांनी मला हळूच सांगितलं, की ती खोली मुळात दोघी बहिणींची. मोठीला सगळे ताई म्हणायचे. अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी ताई बाहेर पडली ती परत आलीच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले. काही लागलं नाही.

बाईंची कामाची एक पद्धत होती आणि ती मला पहिल्यापासून खटकायची. त्या नवीन पान कधीच उघडत नसत. त्यांच्याकडे एकच फाइल होती, तिचं नाव ‘कोरा’. आलेल्या माणसाचा अर्ज ‘कोरा’मध्ये टाइप करायचा, जतन करायचा, छापायचा, मग सगळं निवडून पुसून टाकायचं आणि पुन्हा जतन करायचं. पुढचा माणूस आला की परत तेच. अठरा काय, वीस वर्षं तेच एक पान.

“मावशी, अशी एकच फाइल वापरू नये,” मी म्हणायचो.

“पाट्या किती लागतात रे माणसाला? एक पुरते.”

गेल्या महिन्यात कचेरीच्या दारावर नोटीस लागली. पुढल्या एक तारखेपासून छापील अर्ज बंद, नव्या पद्धतीच्या फाइली ऑनलाइन पाठवायच्या. बाईंच्या मशीनवर ते शक्य नव्हतं. त्यात त्या मशीनच्या डिस्कने आवाज करायला सुरुवात केली. टक्, टक्, थोडं थांबून पुन्हा टक्. असा आवाज करणारी डिस्क फार दिवसांची सोबती नसते. मी बाईंना तसं सांगितलं. नवीन मशीन आणतो, ‘कोरा’ नव्या प्रकारात बदलून देतो, तासाभराचं काम.

बाईंनी कान देऊन ती टकटक ऐकली. मग म्हणाल्या, “बदलताना त्यातलं काही जाईल का?”

“मावशी, कोरं पान आहे. जायला त्यात आहे काय?”

“तरी बघ तू एकदा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी गेलो. बाईंनी त्या दिवशी एकच अर्ज केला होता आणि दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावली होती. डिस्क टकटकत होती. मी ‘कोरा’वर गेलो आणि तिचं वजन बघितलं. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फाइलचं वजन दिसतं. कोऱ्या पानाचं वजन एका चिटोऱ्याएवढं असायला हवं. ‘कोरा’ भरली एकोणतीस एमबी. नुसत्या अक्षरांनी एवढं वजन व्हायला हजारो पानं लिहावी लागतात.

मी फाइल उघडली. दोन मिनिटं लागली. पांढरं पान. एकही अक्षर नाही.

“कायम एवढा वेळ लागतो?”

“अलीकडे लागतो. दरवाजा जड झाल्यासारखा.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या जुन्या आवृत्तीत झटपट जतन करायची एक सोय होती. त्या काळी मशीन हळू चालायची, पूर्ण फाइल पुन्हा लिहायला वेळ लागायचा. म्हणून प्रोग्राम पुसलेला मजकूर खरा पुसायचाच नाही. तो फाइलीच्या शेवटी फक्त नोंद करायचा, की अमुक ओळी आता दाखवायच्या नाहीत. सामान जागेवरच, वरून पडदा ओढलेला.

“मावशी, तुम्ही आजवर पुसलेलं सगळं यात आहे.”

मला वाटलं त्या चकित होतील. त्यांनी फक्त चष्मा डोळ्यांवर चढवला. “दाखव.”

मी तीच फाइल माझ्या नोटपॅडमध्ये उघडली. आधी नुसता कचरा दिसला. चौकोन, टिंबं, इंग्रजी अक्षरांची खिचडी. ते ठीकच होतं. बाईंचा फॉन्ट जुन्या काळातला, त्यातलं मराठी मशीनच्या लेखी इंग्रजी अक्षरंच असायचं. मी नोटपॅडचा फॉन्ट बदलून बाईंचा लावला, आणि त्या कचऱ्याला एकदम वाचा फुटली.

‘... सेवेशी सादर, की माझ्या मुलाचा दाखला पुरात ...’ ‘... शेजाऱ्याचे कुत्रे रात्रभर ...’ ‘... मी सही करणार, वय ६१, विधवा ...’ खाली, खाली, आणखी खाली. या रस्त्यावरून कचेरीत गेलेला प्रत्येक माणूस तिथे होता. निम्मे आता हयातही नसतील. काकांच्या दुकानाच्या परवान्याचा अर्ज सापडला. जिन्यातल्या त्या आजोबांचासुद्धा सापडला. ते तीन वर्षांपूर्वी गेले. इथे ते पायाच्या ऑपरेशनसाठी मदत मागत होते.

आणि अर्जांच्या मधल्या जागेत दोघी जणी बोलत होत्या.

‘ताई, जेवलीस का?’

‘जेवले. डबा धुऊन ठेव, उष्टा नेऊ नकोस.’

‘आज तुझी निळी साडी नेसले. रागावू नकोस.’

‘इस्त्री करून ठेव म्हणजे झालं. बुटके, पदर जमिनीवर लोळवू नकोस.’

मी तिथेच थांबलो. “हे काय आहे?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “आमची चिठ्ठी.”

मग त्यांनी सांगितलं. दोघींत मशीन एक, खुर्ची एक, खोलीच्या कुलपाची किल्लीसुद्धा एकच. ताई सकाळी आठ ते एक बसायची, धाकटी एक ते सहा. घरी एकत्र असल्या तरी इथे खोलीत दोघींची गाठ पडायची नाही. म्हणून जाणारी ‘कोरा’ पानावर दोन ओळी लिहून, जतन करून जायची. येणारी वाचायची आणि पुसायची. जी वाचेल ती पुसेल, असं ठरलेलं. न पुसलेलं म्हणजे न वाचलेलं.

म्हणजे ताईचे निरोप अठरा वर्षांपूर्वीचे. प्रोग्राम अधूनमधून फाइलीत आवराआवर करायचा, तेव्हा जुने तुकडे नव्या ओळींच्या शेजारी जाऊन बसायचे. प्रश्न आणि उत्तर जवळजवळ आले तो निव्वळ योगायोग. मी तसं बाईंना समजावलंही.

“असेल,” त्या म्हणाल्या.

“पण तुमच्या ओळी नंतरच्याही आहेत. ही बघा, दातांच्या डॉक्टरांबद्दल लिहिलंय. ते तर आत्ता आत्ता आले.”

“मी रोज लिहिते. सहाला, कुलूप लावायच्या आधी.”

“आणि सकाळी पुसता.”

“मी कशाला पुसू? मी लिहिलेलं मी पुसायचं नसतं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “सकाळी पान कोरंच असतं.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. “संध्याकाळी जतन करायचं राहत असेल. तसंच बंद केलं की गेलं.” वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच त्यातली चूक दिसली. जतन केलं नसतं तर त्या ओळी फाइलीत आल्याच नसत्या. त्या फाइलीत आहेत, म्हणजे जतन झाल्या होत्या. जतन झालेलं पान सकाळी कोरं मिळतं, म्हणजे मधल्या वेळेत कुणीतरी ते पुसतं. खोलीला किल्ली एक. ती बाईंच्या कमरेला.

डिस्क टकटकली. बाहेर कुणीतरी “चढतोय!” म्हणून ओरडलं आणि डॉक्टरांकडे गेलं.

“मला एक शोधून दे,” बाई म्हणाल्या. “बाकी काही नको. ती गेली त्या दिवशीची चिठ्ठी.”

“तुम्ही वाचली असेल ना तेव्हा?”

त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आदल्या दिवशी मला दुसऱ्या गावच्या कचेरीतून नोकरीचं पत्र आलं होतं. टायपिस्टची जागा. सकाळी घरी भांडण झालं. ती म्हणाली, ‘मग ही खोली मी एकटीने ओढायची?’ मी म्हणाले, ‘तुझ्या पायात पाय अडकलेत माझे. तू नसतीस तर केव्हाच सुटले असते.’ ती काही न बोलता चप्पल घालून गेली. मी एक वाजता इथे आले. दार नुसतं लोटलेलं, किल्ली खिळ्याला, ताई नाही. पानावर चार-पाच ओळी होत्या. मला राग होता. म्हटलं, आता लिहून कशाला समजूत काढतेस. सगळं निवडलं आणि पुसलं. वाचलं नाही.”

“मग?”

“चारलाच कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन घरी गेले. रात्री ती आली नाही. वाटलं, मावसबहिणीकडे रुसून बसली असेल. सकाळी इथे आले तर ही उंबऱ्यावर ठेवलेली.” त्यांनी बोट दाखवलं. मॉनिटरखालची रीम. “म्हणजे ती परत आली होती. दाराला कुलूप बघितलं, ही ठेवली आणि गेली. अठरा वर्षं मी विचार करतेय, की त्या ओळींत काय होतं. मी म्हणाले म्हणून ती गेली का? तेवढं कळलं ना, की मग तू हे मशीन भंगारात टाक.”

मी म्हणालो, “एकोणतीस एमबीत शोधायचं म्हणजे... त्या दिवशी पुसल्यानंतर पहिला अर्ज कुणाचा केलात, आठवतंय?”

“शिंपी. त्याच्या दुकानासमोर विजेचा खांब आला होता, तो हलवा म्हणून. मी रागात इतक्या जोराने बडवत होते, की तो म्हणाला, ‘बाई, खांब हलवायचाय, टेबल नाही.’”

मी शोधायची चौकट उघडून कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी न बघता ‘खांब’ टाइप केलं. मशीन अडखळलं. डिस्कचा आवाज बदलला, टकटक थांबून खरखर सुरू झाली. मी मनातल्या मनात तिला गोंजारत होतो, थोडी कळ काढ. एक खांब आला, तो दुसऱ्याच कुणाचा. दुसरा आला, तोही नाही. तिसऱ्याला बाई म्हणाल्या, “हाच.”

शिंप्याच्या अर्जाच्या वर चौकोनांची एक रांग होती आणि तिच्या वर पाच ओळी.

‘बुटके, कागद संपलाय. रीम आणायला जातेय. आपल्या दुकानात नाही, लांब जावं लागेल. तुझं पत्र मी परत नीट वाचलं. तू जा नोकरीला. मी बघते इथलं, मला काय धाड भरलीय. आल्यावर बोलू. उशीर झाला तरी थांब, दार लावू नकोस.’

बाईंनी ते एकदा वाचलं. मग ओठ हलवत पुन्हा वाचलं. मी खिडकीकडे बघत राहिलो. समोरच्या कचेरीच्या पायऱ्यांवर लोक फायली डोक्यावर धरून उन्हात उभे होते.

“जा म्हणाली होती,” बाई म्हणाल्या. “आणि मी अठरा वर्षं इथेच बसले. ती आली तर खोली बंद दिसू नये म्हणून.” मग एकदम हसल्या, आणि ते हसू मला रडण्यापेक्षा जड गेलं. “काय गं ताई. म्हणे मला काय धाड भरलीय.”

माझ्यातला तंत्रज्ञ मात्र गप्प बसेना. डिस्क जायच्या आत फाइल वाचवायची होती. मी पेनड्राइव्ह लावला, नक्कल सुरू केली आणि शेवटपर्यंत सगळं नीट वाचता येतंय ना, हे बघायला फाइलीच्या तळाला गेलो. तळाला सगळ्यात ताजं असतं. आज सकाळचा अर्ज होता, कुणाच्या तरी बदलीचा. त्याच्या वर बाईंची कालची चिठ्ठी होती.

‘ताई, उद्या मशीन बदलणार म्हणतात. मग मी लिहू कुठे, आणि तू वाचणार कुठे?’

आणि बदलीच्या अर्जाच्या खाली, फाइलीच्या अगदी शेवटी, एक ओळ.

‘कागद मिळाला. चढतेय.’

मी बाईंकडे बघितलं. त्यांनीही ती वाचली होती.

“जुनी असेल,” मी म्हणालो. “आधी कधीतरी कागद आणला असेल, तेव्हाची. तुकडे इकडेतिकडे होतात म्हटलं ना.” मी घाईघाईने शोधलं. ‘कागद मिळाला’ हे शब्द त्या एकोणतीस एमबीत एकदाच होते.

“जुनी असेल,” बाई म्हणाल्या. “पण मला सांग, जिना चढता चढता कुणी टाइप करतं का?”

त्याच क्षणी डिस्कने एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि ती थांबली. पडदा काळा झाला. खोलीत इतकी शांतता पसरली, की त्या टकटकीची आपल्याला सवय झाली होती हे तेव्हा कळलं. नक्कल अर्धवट राहिली होती. पेनड्राइव्हवर नंतर मला फक्त ‘कोरा’ नावाची एक फाइल मिळाली, वजन शून्य.

“मावशी, मी प्रयत्न करतो. डिस्क उघडून बघणारे लोक असतात...”

“नको.” त्यांनी दोन्ही हातांनी मॉनिटर उचलून बाजूला ठेवला. मी मदतीला पुढे व्हायच्या आधीच. मग ती रीम ओढली आणि नखाने वेष्टण फाडलं. पिवळ्या कडांच्या आत कागद पांढराशुभ्र होता. त्यांनी गठ्ठा हातावर फिरवला, दोन वेळा टेबलावर आपटून सारखा केला आणि प्रिंटरच्या ट्रेमध्ये भरला. अगदी रोज करतात तसं. “नवीन मशीन उद्या आण,” म्हणाल्या. “आणि त्यावर काय शिकायचं ते शिकव. मी काही मठ्ठ नाही.”

मी माझं सामान आवरलं. दुपारचा एक वाजला होता. डॉक्टर जेवायला गेले होते, त्यांचं दार बंद. खाली काकांनीही शटर अर्धं ओढलं होतं. झेरॉक्स मशीन थंड. मी बाहेर पडून सवयीने दार ओढू लागलो.

“दार लावू नकोस,” आतून बाई म्हणाल्या.

मी ते सताड उघडं ठेवलं. जिन्याच्या तोंडाशी आलो आणि ओरडलो, “उतरतोय!”

कुणी काही बोललं नाही. खालचं वळण रिकामं दिसत होतं. खरं म्हणजे उतरायला काहीच हरकत नव्हती. पण नव्या कागदाचा, बंद गठ्ठा नुकता उघडल्यावर येतो तसा कोरडा वास जिन्यातून वर येत होता, आणि कागद तर माझ्या पाठीमागे, खोलीत होता. मी एक पाय पहिल्या पायरीवर टाकला.

“थांब रे जरा,” बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला होता आणि पदराने तोंड पुसलं होतं. “तू नंतर उतर. आधी तिला वर येऊ दे.”

मी पाय मागे घेतला आणि पाठ भिंतीला लावून, वाट मोकळी सोडून उभा राहिलो.